चौथं बटण

१

आमच्याकडे स्टोव्ह तयार झाला की चहा होतो. आमच्याकडे म्हणजे धुळ्याच्या पाचव्या गल्लीतल्या, पत्र्याच्या शेडमधल्या दुरुस्तीच्या कारखान्यात. आणि स्टोव्ह म्हणजे रॉकेलचा नव्हे, विजेचा. साहेबलोकांच्या बंगल्यातून, रेल्वेच्या क्वार्टरमधून, मिशनच्या दवाखान्यातून निघालेला, सत्तर-ऐंशी वर्षांचा आणि चार माणसांनी उचलावा एवढा जड. त्याला जेवढ्या प्लेटा तेवढे चहा. प्रत्येक प्लेटवर तेच भांडं, तेवढंच पाणी, आणि समोर माझे उस्ताद जब्बारचाचा मनगटावरचं घड्याळ बघत उभे. ज्या प्लेटचा चहा मागे राहिला तिची कॉइल पुन्हा उघडायची. मी पुनम, शिरपूरला डिप्लोमा करून अकरा वर्षांपूर्वी इथे आले तेव्हा मनात हसले होते. मीटर असताना चहा कशाला? आता मी आधी चहा करते आणि मीटर नंतर लावते.

या स्टोव्हचे भाग कुठेच मिळत नाहीत. बनवणाऱ्या कंपन्या कधीच्या मेल्या. मालेगावच्या जुन्या बाजारात, भुसावळच्या भंगारवाल्यांकडे पोत्यात हात घालून एखादा स्विच, एखादी चिनी मातीची प्लेट सापडते. कॉइल मात्र सापडत नाही, ती करावी लागते. नायक्रोमची तार सळईवर गुंडाळायची, वेढे मोजायचे, मग ती अशी ताणायची की प्लेटच्या खाचेत टोकापासून टोकापर्यंत सारखी बसेल. एक इंच जास्त ताणली तर तिथे लाल होते आणि महिन्यात तुटते. चाचा हे डोळे मिटून करायचे. मोठ्याने मोजत, "उनचास, पचास, एक्कावन," आणि मध्येच कनीजचाचीच्या आमटीला नावं ठेवत. तरी आकडा चुकायचा नाही. मी देवाधर्माच्या वाटेला फारशी जात नाही, पण ते हात बघताना मला हात जोडावेसे वाटायचे, हे सांगायला लाज कसली?

दोन वर्षांपूर्वी त्या हातांना कंप सुटला. आधी डावा, मग दोन्ही. डॉक्टरांच्या गोळ्यांनी झोप यायची, कंप राहायचा. चाचा आता वेढे मला देऊ लागले होते, आणि मी घातलेले बघून काही बोलायचे नाहीत. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. एकदा नुसतं म्हणाले, "हात गया का मी गया, बेटा." मला त्या वाक्याची भीती बसली होती.

२

जळगावची ऋतिका बेकरी काढणार होती. दर्शनी भागात शोभेला आणि कामालाही चालेल असा जुना स्टोव्ह तिला हवा होता. तो तिच्याच घरच्या शेतातल्या गोडाऊनमध्ये, पोत्यांखाली सापडला. टेम्पोतून उतरवला तेव्हा आम्ही दोघं त्याच्याभोवती फिरून बघतच राहिलो. सायीच्या रंगाचं इनॅमल, कुठे टवका नाही. निकेलच्या कडा, ओव्हनचं जाड दार, चार प्लेटा. दार लावलं की आवाज यायचा तो एखाद्या चांगल्या मोटारीच्या दाराचा. असा स्टोव्ह मी अकरा वर्षांत पाहिला नव्हता.

बटणं मात्र तीनच होती. चौथ्याची दांडी कुणीतरी हॅक्सॉने पत्र्याच्या अगदी बरोबरीने कापून टाकली होती, आणि कापणाऱ्याचा हात चांगला होता.

वापरलेली वस्तू आपण होऊन बोलते, तिला फक्त नीट बघावं लागतं. तीन प्लेटा जवळजवळ कोऱ्या होत्या. चौथी, डावीकडची मागची, इतकी वापरलेली की खाचांच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या आणि भोवतीचं इनॅमल भांडी सरकवून पातळ झालं होतं. म्हणजे सगळा स्वयंपाक एकाच प्लेटवर झाला होता, आणि कापलेलं बटण नेमकं तिचं. उरलेल्या बटणांवर थोडीशी झीज होती, तीही उलट्या बाजूने.

"हाऊ माणूस डावखुरा व्हता," चाचा बटणावरून अंगठा फिरवत म्हणाले.

मी ऋतिकाला फोन केला. तिला काहीच माहीत नव्हतं. "आजीला विचारू का?" ती म्हणाली.

खोटं बोलत नाही, मला त्या प्रश्नाचा थोडा रागच आला. तुटलेली दांडी बसवायला आजीला काय विचारायचं? "नको," मी म्हटलं, "आम्ही करतो." चाचा तर केव्हाच कामाला लागले होते. अर्धा माल बाहेर द्यायचा नाही हा त्यांचा बाणा. "बठ्ठं पुरं व्हयेशिवाय जावाना नही," असं म्हणत ते पोती उपसत होते.

३

दांडीचा गज मालेगावात मिळाला, तो लेथवर उतरवला. बटणाचा साचा बाकीच्या तिघांवरून घेतला आणि ओतलं. नवं बटण चकचकीत निघालं, आणि तीन जुन्यांच्या शेजारी ते खोटं दिसायला लागलं. माझ्या दृष्टीने काम झालं होतं. चाचांच्या दृष्टीने खरं काम आता होतं. नवा भाग जुन्यासारखाच झिजलेला असला पाहिजे, नाहीतर डोळा तिथेच अडकतो, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी ते बारीक राख घेतात आणि अंगठ्याने झिजवतात. पॉलिशचं यंत्र वापरत नाहीत, कारण माणूस जिथे दाबतो तिथे यंत्र दाबत नाही.

जुनी झीज डाव्या अंगठ्याची, म्हणून चाचांनी डावा अंगठा लावला. चार दिवस ते स्टोव्हपुढे स्टूल टाकून बसले आणि बटण फिरवत राहिले. बंद, मंद, मध्यम, कडक, पुन्हा बंद. स्विच जुना, दर टप्प्याला कट् असा आवाज करायचा. मी दुसऱ्या टेबलावर अभ्रक कापत होते आणि तो आवाज दिवसभर कानावर होता.

पाचव्या दिवशी चहा ठेवला. तीन प्लेटांचे चहा वेळेत झाले. चौथीचा चहा चाचांनी गाळला, आणि मी माझा कप तसाच धरून बसले. दोन वर्षं ते बशी भरल्याशिवाय चहा गाळू शकले नव्हते. आता चहाची धार सरळ कपात पडत होती. एक थेंब बाहेर नाही.

"चाचा, हात," मी म्हटलं.

त्यांनी दोन्ही हात समोर धरले, वरखाली करून पाहिले. मग हसले. एवढं मोठं हसू मी त्यांच्या तोंडावर पाहिलं नव्हतं. चहाचं काय सांगू? तसा चहा मी पुन्हा प्यायले नाही.

४

नंतरचे दिवस आमच्या कारखान्यातले सगळ्यात सुंदर दिवस होते, आणि ते मी नाकारणार नाही. चाचांनी आपलं टेबल ओढून स्टोव्हला लावलं. सकाळी आले की आधी बटण दोन-चार वेळा फिरवायचे, मग तार हातात घ्यायचे. फळीवर आठ-आठ वर्षं पडून असलेले स्टोव्ह एकेक करून खाली आले. त्यांच्या कॉइली मी भिंगाखाली पाहिल्या. दोन वेढ्यांमधलं अंतर कुठेही केसाएवढंही कमीजास्त नव्हतं. तरुणपणीसुद्धा त्यांनी असं काम केलं नसेल. मी ऋतिकाला काहीतरी सबब सांगितली आणि स्टोव्ह आणखी आठवडाभर ठेवून घेतला.

एक गोष्ट खटकली ती मोजण्याची. चाचा आता हळू मोजत. मी कान दिला. "एक विसा. एक विसा नि एक. एक विसा नि दोन." आमच्या गावाकडे जुन्या बाया असं वीस-वीसने मोजायच्या, शेणाच्या गोवऱ्या, पापड. चाचा धुळ्यात जन्मले, उर्दू शाळेत शिकले. "हे कुठून काढलं?" मी विचारलं. त्यांनी मान वर केली नाही. "दोन विसा," ते म्हणाले आणि तार तोडली. म्हाताऱ्या माणसाला लहानपणचं काही आठवतं, मी मनाशी म्हटलं.

दुसरी गोष्ट आवाजाची. एका दुपारी मी पाठमोरी बसून इनॅमल घासत होते. मागे चाचांच्या सळईचा खरखर आवाज चालू होता. तार गुंडाळायला दोन्ही हात लागतात, एका हाताने ती गुंडाळताच येत नाही. आणि त्या खरखरीच्या मध्ये स्विचचा आवाज आला. कट्. थोड्या वेळाने पुन्हा, कट्. मी वळले. चाचा तार गुंडाळत होते, स्टोव्ह शांत होता. स्प्रिंग जुनी आहे. पत्रा तापतो, निवतो, स्प्रिंग सुटते. हे कारण चांगलं आहे, मी गिऱ्हाइकांनाही तेच सांगते. मी पुन्हा घासायला लागले, पण पाठ भिंतीकडे करून.

त्या दिवसापासून चाचांचा डबा तसाच परत जायला लागला. चाचा माझ्याशी बोलेनासे झाले. म्हणजे विचारलं तर उत्तर द्यायचे, पण ते दुरून आल्यासारखं. त्यांची नात मंतशा फोनवर "दादा, दादा" करत राहिली आणि यांनी फोन टेबलावर ठेवून दिला. मला हे दिसत होतं. पण त्यांच्या हातातली कॉइलही दिसत होती, आणि मी कॉइलीकडेच जास्त बघत होते.

मग कनीजचाचीचा फोन आला. ती रडत नव्हती, नुसती घाबरली होती. "पुनम, ये उल्टे हाथ से खाना खा रहे हैं. टोकलं तर हसतात. चालीस साल में कभी नहीं किया."

मला बटणावरची डाव्या अंगठ्याची झीज आठवली.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा यायच्या आत मी कारखान्याचा फ्यूज काढून पर्समध्ये टाकला आणि जळगावची बस पकडली. फ्यूज का काढला ते मलाही नीट सांगता आलं नसतं. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, आणि मी खिडकीशी बसून स्वतःची समजूत घालत होते. माणूस डाव्या हाताने जेवला म्हणून कुणी बस पकडतं का?

ऋतिकाची आजी, सुनंदाबाई, मेथी निवडत बसली होती. माहेर सोनगीरचं, बोलणंही तिकडचं. मी स्टोव्हचं नाव काढलं तशी तिने ऋतिकाकडे पाहिलं. "तो गोडाऊनमधून काढला कुणी?" मग मला म्हणाली, "तीनच शेगड्या चालतस ना पण? चौथीनी दांडी मी कापेल शे. माझ्या हाताने."

मी म्हटलं, "आम्ही ती नवी बसवली."

तिच्या हातातली मेथी तशीच राहिली. "बसवली? माले वाटे, असं काम करणारं माणूस आता खान्देशमा उरलंच नसेल," ती म्हणाली. दुसरी कुठली वेळ असती तर मी या वाक्याने फुलून गेले असते.

मग तिने सांगितलं, जेवढं सांगायचं तेवढंच. कमलबाई तिची जेठाणी, थोरली जाऊ. शाळेत शिकलेली, हिशोबाला चोख. सासऱ्यांनी एका बंगल्यातून स्टोव्ह आणला आणि वर्षभरात कमलबाईच्या हाताला अशी चव आली की पाहुणे कारणं काढून यायला लागले. "मांडे करे ना ती, कागद बरा इतला पातळ. मी नुसती बघत उभी राहू."

"त्या डावखुऱ्या होत्या का?" मी विचारलं.

"नही ना," सुनंदाबाई म्हणाली. "स्टोव्ह घरमा उना, मग डावखुरी व्हयनी. मोजायलाही विसावर लागली, अडाण्यासारखी. तिन्या आधी त्या बंगल्यामा कोण रांधे, माले माहीत नही."

पुढे तिला विचारायला लागलंच नाही. एका दुपारी सगळे जेवून उठले आणि कमलबाई स्टोव्हपुढून हललीच नाही. हाक मारली तर वळेना. त्यानंतर ती बारा वर्षं जगली. दोघींनी धरून बसवायचं, दोघींनी भरवायचं. डोळ्यांत कुणी नव्हतं. हात मात्र मांडीवर मांडे करत राहायचे, जाग असेपर्यंत.

"दांडी मी त्या दिवशी कापली. महिनाभर आधी कापायला पाहिजे होती, माले दिसत होतं सगळं." तिने पदर तोंडाला लावला. "पण जेवण इतलं सुंदर व्हये ना, बाई. उशीर कया मी."

मी चहासुद्धा न घेता निघाले. बसमध्ये मी चौथ्या प्लेटच्या त्या चहापासूनचे दिवस मोजले. माझा उशीर सोळा दिवसांचा होता.

६

कारखान्यात पोचले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. दार उघडं, पंखा बंद, दिवा बंद. फ्यूज माझ्या पर्समध्ये होता. आतून सळईची खरखर येत होती.

चौथी प्लेट लाल होती. सगळीकडून सारखी लाल, कुठे गडद नाही, कुठे फिकी नाही. अशी प्लेट करावी म्हणून आम्ही आयुष्य घालवलं होतं. भीती वाटायच्या आधी मला ती आवडली, हेही सांगून टाकते.

चाचा स्टोव्हला पोट टेकून उभे होते. दोन्ही हात तारेवर, झरझर चाललेले. टेबलावर कॉइलींची रांग. चेहरा माझ्याकडे होता आणि त्यावर चाचा नव्हते. घरातली माणसं गावाला गेल्यावर घर दिसतं तसा तो चेहरा होता. मी हाका मारल्या, खांदा हलवला. हात थांबले नाहीत.

तेवढ्यात कट् असा आवाज आला आणि मी बटणाकडे पाहिलं. बटणावर एक डावा हात होता. बोटांना पीठ लागलेलं, मनगटावर जुने भाजल्याचे डाग. चाचांचे दोन्ही हात तारेवर होते, ते मी पुन्हा मोजले. हा तिसरा होता. तो कुठून आला आहे हे बघायला मान वर करावी लागली असती. मी मान खाली घातली, हॅक्सॉचं नुसतं पातं फडक्यात धरलं आणि गुडघ्यावर बसून बटणामागच्या फटीत घातलं.

माझं मनगट कुणीतरी धरलं. हात गरम होता, भाकरी करून उठलेल्या बाईचा असतो तसा. मी ओरडणार होते, पण त्या धरण्यात जोर नव्हता. शिकवणारं माणूस धरतं तसं धरलं होतं. आणि पातं चालायला लागलं. मी इतकं सरळ कधी कापलं नाही. प्रत्येक दाताला लोखंड कसं सुटतंय ते मला बोटांत कळत होतं, पातं किंचितही थरथरत नव्हतं, आणि मला इतकं बरं वाटत होतं की हे संपू नये असं वाटायला लागलं. माझा हात हळू पडला. अर्धी दांडी कापून झाली होती.

"थांब, पुनम." आवाज वरून आला. "एकच प्लेट राहिनी."

तो आवाज ऐकला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कारण कित्येक दिवसांनी चाचांनी मला नावाने हाक मारली होती. मी डोळे मिटले. सुनंदाबाईचा पदर तोंडाला लावलेला चेहरा समोर आणला आणि वेडीवाकडी, जोर लावून, दात मोडेपर्यंत ओढत राहिले. बटण फरशीवर पडून घरंगळत गेलं. मनगट मोकळं झालं. माझ्या अंगावर चाचा पडले.

७

आता त्यांचे हात पूर्वीपेक्षा जास्त थरथरतात. पेला धरता येत नाही, कनीजचाची भरवते. पण ते तिच्या आमटीला नावं ठेवतात, मंतशाला चिडवतात, आणि मी नेलेली कॉइल बघून सरळ सांगतात, "हाई भंगारमा टाक." मी टाकते आणि पुन्हा घालते. स्टोव्ह सुनंदाबाईने परत घेतला नाही. तिच्या परवानगीने मी तो सुटा केला आणि चार गावांच्या भंगारात चार भाग दिले. ऋतिकाला दुसरा बघून दिला.

परवा चाचीने आम्हाला ओट्यावर बसवलं आणि आत गेली. चाचा मांडीवरच्या हातांकडे बघत होते.

"त्या दिवशी मी काही बोलनू का तुले?" त्यांनी विचारलं.

मी या प्रश्नाची तयारी करून ठेवली होती. "नाही चाचा. तुम्ही शुद्धीवरच नव्हता. कुणीतरी थांब म्हणालं, पण ते तुम्ही नव्हतात."

त्यांनी मान हलवली. हात एकमेकांत धरून ठेवायचा प्रयत्न केला, ते सुटले.

"ती तर नुसती हात धरी राहिंती तुना," ते म्हणाले. "थांब म्हननारा मीच व्हतू, बेटा."